सहावी झडप

गाडी वळणावर दिसायच्या आधीच मला ऐकू आली. खंडेनवमीची सकाळ होती. गॅरेज झाडून, सडा मारून झाला होता. आई पोत्यावर बसून एकेक पाना रॉकेलच्या फडक्यानं पुसत होती आणि मी वडलांची ऐरण राखेनं घासत होतो. हमरस्त्यावरून एक डिझेल गाडी आमच्या नेर्ल्याच्या फाट्याकडं उतरली, आणि तिच्या आवाजात मधूनच डब्यात खडे हलवावेत तशी खळखळ यायला लागली.

"फ्लॅप," मी आईला म्हणालो. "सहा सिलिंडर हायत आणि फ्लॅप खिळखिळं झाल्यात. आज कुणाची का असंना, मी हात लावणार न्हाई. हत्यारं पुजायचीत."

"येऊ तर दे आधी," आई म्हणाली.

लांबलचक, जुनी, परदेशी गाडी गॅरेजपुढं येऊन थांबली. दार उघडलं आणि माझा थोरला भाऊ खाली उतरला.

माझ्या हातातली राख तशीच राहिली. हिंदुराव पुण्यात एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता. वडलांच्या तेराव्यानंतर तो या दारात आला नव्हता, आणि मीही त्याच्या दारात गेलो नव्हतो. आई अधूनमधून पुण्याला जाऊन त्याला, सुनेला आणि नातीला बघून यायची. पण तिची दोन्ही पोरं एका छपराखाली तिला चार-पाच वर्षांत दिसली नव्हती.

"आई," तो म्हणाला आणि वाकून पाया पडला. मग माझ्याकडं न बघता गाडीच्या बॉनेटकडं बघत म्हणाला, "बेळगावला निघालोय. सासुरवाडीला. दोघी परवाच पुढं गेल्यात. कराड सोडलं आणि आवाज यायला लागला."

"मग कंपनीला फोन करायचा," मीही बॉनेटलाच सांगितलं.

"कंपनीत फ्लॅप काढत नाहीत. अख्खा मॅनिफोल्ड बदलतात. दहा दिवस थांबवतात. काढणारा या पट्ट्यात कोण आहे म्हणून चौकशी केली, तर सगळे म्हणाले, नेर्ल्याचा आनंदा."

म्हणजे माझंच नाव घेऊन तो माझ्याकडं आला होता, आणि वर असा चेहरा की रस्त्यातलं पंक्चरवाल्याचं दुकान सापडलं.

आईनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "पूजा दिवे लागताना करू. तवर हूतंय का बघा."

"आई, अगं—"

"बघा म्हटलं की."

आमच्या घरात आईनं एखादी गोष्ट दोनदा सांगितली की तिसऱ्यांदा सांगायची वेळ कुणी येऊ देत नाही. मी राखेचे हात धुतले.

ज्यांना इंजिनातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात हवा जाते त्या वाटेवर एक मोठं नळकांडं असतं, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. त्या गाडीत त्याच्या आत प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी पाच रुपयाच्या नाण्याएवढी एक लोखंडी झडप, म्हणजेच फ्लॅप, होती. सहाही झडपा एकाच दांडीवर बसवलेल्या. हवा फिरवून आत सोडायची, एवढंच त्यांचं काम. पण डिझेलची काजळी चढून चढून त्या अडकतात, बारके स्क्रू ढिले होतात, आणि एखाद्या दिवशी झडप सुटून सरळ इंजिनाच्या पोटात जाते. मग पिस्टन फुटतो, वाल्व्ह वाकतो, इंजिन भंगारात जातं. म्हणून आम्ही त्या झडपा काढून टाकतो आणि दांडीच्या भोकाला बूच मारतो. गाडीचं काही बिघडत नाही. बिजागरी सैल झालेलं दार अंगावर पडायची वाट बघण्यापेक्षा काढून ठेवलेलं बरं, तसं.

काम अवघड नाही. एकच गोष्ट अवघड आहे. जेवढ्या झडपा होत्या तेवढ्याच बाहेर आल्या का, हे बघणं. एक जरी कमी भरली तर ती आत आहे असं समजायचं, आणि तसं असताना जो गाडी चालू करेल तो मिस्त्री नव्हे.

आमचे वडील, ज्ञानू मिस्त्री, त्यासाठी एक शिस्त पाळायचे. सुटा केलेला प्रत्येक भाग मोठ्यानं मोजायचा. "एक निघाला. दोन निघालं." समोरच्यानं तो आकडा पुन्हा म्हणायचा. आम्ही दोघं भाऊ लहानपणापासून गॅरेजात असे ओरडत वाढलो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटायचं आत पाढे चालले आहेत.

त्या दिवशी गॅरेजात चिडीचूप होती.

दादानं शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर आला. सुपरवायझर झाल्यापासून त्याच्या हाताला ग्रीस लागलं नसेल असं मला वाटलं होतं, पण त्यानं वायरिंगचे क्लिप असे सोडवले की एकसुद्धा तुटला नाही. त्याला लागणारा पाना त्यानं मागायच्या आधी मी पुढं केला आणि मला लागणारा स्क्रूड्रायव्हर त्यानं. हात एकमेकांना ओळखत होते. तोंडं मात्र दोघांनी शिवून घेतली होती.

मॅनिफोल्ड उचलताना माझ्या बाजूला हिसका बसला आणि इंजिनात कुठंतरी खळकन वाजलं. दादानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं.

मॅनिफोल्ड बाकावर आला. आत डांबरासारखी काजळी, बोटभर जाड. झडपा कुठल्या आणि भिंत कुठली ते कळेना. त्यानं डाव्या टोकानं सुरुवात केली, मी उजव्या. स्क्रू एवढे झिजलेले की काही ड्रिलनं उडवावे लागले. मधल्या झडपा त्यानं सोडवल्या की मी, ते त्याला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. विचारायचं म्हटलं तर बोलावं लागलं असतं. शेवटी दांडी ओढून काढली, मॅनिफोल्ड उलटा करून परातीवर ठोकला, काजळीच्या ढेकळांसकट सगळं डिझेलमध्ये पडलं. परात भिजत ठेवली.

"जेवायला या," शालन, माझी बायको, दारातून म्हणाली. "भाऊजी, पुरणपोळी गार हुईल."

जेवताना आईनं आमची दोघांची पानं शेजारी शेजारी वाढली होती. देव्हाऱ्यात घटाचं धान तरारून वर आलं होतं, वर तळलेल्या कडाकण्या टांगल्या होत्या. दादानं कटाच्या आमटीचा भुरका मारला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिखट आहे," तो म्हणाला. आमटी तिखट नव्हती. शालनच्या हातून तिखट पडतच नाही, ही तर माझी कायमची तक्रार.

तो आधी उठला आणि हात धुवायला मागच्या टाकीवर गेला. मी आणखी अर्धी पोळी घेतली. आई तर बसलीच नव्हती. हत्यारं गोळा करते म्हणून केव्हाच गॅरेजात गेली होती.

जेवून आलो, परातीतल्या झडपा ब्रशनं घासून फडक्यावर मांडल्या. पाच.

पुन्हा परातीत हात फिरवला. काजळी गाळून घेतली. बाकाखाली बघितलं. पाच.

"पाचच हायत," मी म्हणालो. सकाळपासून त्याला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य.

दादा दारात टॉवेलनं हात पुसत होता. "नीट बघ," तो म्हणाला.

"नीटच बघितलं. तू सोडवल्यास किती?"

"आठवत नाही. तू?"

"मला तरी कुठं आठवतंय!"

आमच्या तोंडून निघालेलं हे उत्तर वडलांनी ऐकलं असतं तर दोघांच्या पाठीत पाना बसला असता. माझ्या कानात मात्र ते खळकन वाजलेलं घुमत होतं. माझ्या बाजूचा हिसका. माझा हात.

दुपारभर शोधलं. काठीला बांधलेलं चुंबक एकेका भोकातून आत सोडलं, दरवेळी नुसती काजळी वर आली. दाताच्या डॉक्टरचा असतो तसला बारका आरसा घालून बघितलं. दादानं बॅटरी धरली होती, आणि मला जिथं उजेड हवा तिथं तो आपोआप पडत होता. इंजिनाखाली झोपून मी जमीन चाचपली. एक वॉशर सापडला, झडप नाही.

"चौथ्या सिलिंडरचा वाल्व्ह उघडा हाय," मी म्हणालो.

"अख्खी झडप तिथनं जात नाही."

"तुटकी जाती."

"तुटल्याचं काही दिसलं का तुला?"

"काजळीत काय दिसतंय? दादा, हेड उघडावं लागणार."

हेड उघडायचं म्हणजे इंजिनाची कवटी उघडायची. ते काम चांगलं आठवडाभर चाललं असतं. त्याचा दसरा रस्त्यावर गेला असता आणि त्याच्या मनात माझी जी काय किंमत होती तीही गेली असती. आता ती किती होती हे मला ठाऊक नव्हतं, पण उरलेली जाऊ नये असं मला फार वाटत होतं. जगातल्या कुठल्याही गिऱ्हाइकाची झडप माझ्या हातून इंजिनात पडली असती तर मी हात जोडून कबूल केलं असतं. पण ही गाडी त्याची होती.

"हेड उघडायचं नाही," दादा शांतपणे म्हणाला.

"आत असली तर?"

"आत नाही."

"तुला कसं ठाऊक?"

"मला वाटतंय."

"वाटतंय? पुण्याच्या वर्कशॉपात वाटण्यावर गाड्या देता व्हय? तुला वाटतंय म्हणून मी चालू करू, आणि बेळगावच्या घाटात इंजिन फुटलं की तू म्हणायला मोकळा, बघा, आनंदाच्या हातात द्यायचीच नव्हती!"

"मी असं म्हणीन?"

"म्हणला व्हतास! बापाच्या तेराव्याला, ह्याच जागेवर उभा राहून म्हणला व्हतास. म्हणं, गॅरेज बंद कर, तुझ्यानं हुणार न्हाई, माझ्यासंगं पुण्याला चल!"

"तुझ्यानं होणार नाही असं मी म्हणालो नव्हतो! एकट्यानं करू नको म्हणालो होतो!" त्याचा आवाज चढला आणि चढता चढता पुणं त्यात मागं पडलं. "आणि तू काय केलंस? माझ्यापुढं बापाचं पानं वाटलंस! पत्त्यागत! एक तुला, एक मला!"

खरं होतं ते. वडलांचा एक संच होता, मेणकापडाच्या गुंडाळीत बसणारा. प्रत्येक पान्याला स्वतंत्र खिसा. मिरजेच्या जुन्या बाजारातून त्यांनी तो तरुणपणी आणला होता आणि जिवापाड जपला होता. तेराव्याच्या दिवशी भांडण पेटलं तेव्हा दादा म्हणाला, ह्यात निम्मं माझं हाय. मी गुंडाळी उघडली आणि एकाआड एक पाना त्याच्या पायाशी टाकत गेलो. तोही असा खमका की प्रत्येक पाना उचलून टॉवेलात बांधला आणि निघून गेला. तेव्हापासून त्या संचाचा ना त्याला उपयोग, ना मला. आठ-नऊ नंबरचा पाना माझ्याकडं, दहा-अकराचा त्याच्याकडं. नवे पाने काय, बाजारात पायलीचे पन्नास मिळतात, पण तो संच पांगळा झाला तो झालाच. दर खंडेनवमीला आई ती गुंडाळी पाटावर उघडी पसरायची आणि प्रत्येक रिकाम्या खिशात एक झेंडू खोचायची. मी त्याला कधी आडकाठी केली नाही आणि कधी त्याबद्दल बोललोही नाही.

"घेतलंस ना पण!" मी ओरडलो. "थांबला असतास तर? एक शब्द बोलला असतास तर?"

"तू बोललास?"

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. मग मी गाडीच्या चाकाला टेकून खाली बसलो.

"दादा, माझ्या हातनं पडली असंल रे ती," मी म्हणालो. "उचलताना हिसका बसला. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर एवढं वाटलं नसतं."

तो माझ्याशेजारी येऊन बसला. एकदा त्यानं तोंड उघडलं, घराकडं बघितलं आणि परत मिटलं.

"तुझ्या हातनं काही पडलेलं न्हाई," शेवटी तो म्हणाला. "आणि पडलं असतं तरी मी तसं म्हणलो नसतो. पुण्यात पोरांना शिकवताना अजून सांगतो मी, माझा धाकटा भाऊ नुसत्या आवाजावरनं सिलिंडर सांगतो म्हणून."

हे त्यानं पुण्यातल्या पोरांना सांगितलं होतं. मला कधी सांगितलं नव्हतं. मी फडक्यानं तोंड पुसलं आणि फडकं काजळीचं असल्यामुळं जे व्हायचं ते झालं. तो हसला. मग मलाही हसू आलं.

दिवे लागायची वेळ झाली. आई आरतीचं ताट घेऊन दारात आली. तिच्यामागं शालन झेंडूची टोपली घेऊन.

"चला, द्या हत्यारं. झाली वेळ."

"आई, गाडी उघडी पडल्या," मी म्हणालो. "आज हत्यारं पुजली तर उद्या दसऱ्याची पूजा हुईपतोर हात लावता यायचा न्हाई."

"मग? तुझ्या बापानं कधी मोडला हा नेम? एकदा यमाईच्या पुजाऱ्याची जीप उघडी ठेवली व्हती त्यानं."

मी दादाकडं बघितलं. त्याला रात्री बेळगावला पोचायचं होतं. तिकडं सासुरवाडीला जेवण थांबलं असणार. आता हा कपाळाला आठ्या घालणार आणि आईचं मन मोडणार, असं मला वाटलं.

"आई म्हणते ते बरोबर आहे," दादा म्हणाला. "ठेव सगळं. उद्या डोकं गार असेल तेव्हा शोधू."

त्यानं बाजूला जाऊन फोन लावला. "अगं, गाडी खोललीय. नाही, मोठं काही नाही. उद्या संध्याकाळी. हो, आईकडंच." गाडीचं इंजिन उघडं पडलेला माणूस एवढ्या खुशीत बोलताना मी आयुष्यात बघितलेला नाही. पण तेव्हा माझं डोकं झडपेत होतं.

आईनं पाट मांडला. हातोडे, पकडी, जॅक, चुंबकाची काठी, सगळं मांडलं. मधे ऐरण, तिच्यावर झेंडूचा हा एवढा ढीग. मी पाटाला हात लावायला गेलो तर म्हणाली, "तू लांबच थांब. काजळीनं बरबाटलाईस." मग तिनं ती मेणकापडाची गुंडाळी पसरली आणि रिकाम्या खिशात खोचायला टोपलीतून एक फूल उचललं.

"थांब आई," दादा म्हणाला.

तो गाडीच्या डिकीकडं गेला. स्टेपनीखालून त्यानं एक टॉवेल काढला. तोच टॉवेल, वर निळी पट्टी असलेला. पाटापुढं बसून त्यानं गाठ सोडली आणि एकेक पाना ज्याच्या त्याच्या खिशात सरकवायला लागला. पाने तेल लावून ठेवलेले होते, गंजाचा ठिपका नव्हता. पहिला दहा-अकराचा. तो खिशात बसला तसा आईचा हात फुलासकट तिथंच राहिला. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते तिनं पुसलंही नाही.

"एक," मी म्हणालो. कसं कोण जाणे तोंडातून निघून गेलं.

दादानं वर बघितलं. पुढचा पाना सरकवला. "दोन," तो म्हणाला.

"दोन," मी म्हणालो.

संच भरेपर्यंत आम्ही मोजत गेलो. शालन नंतर सांगायची, लग्न होऊन आल्यापासून या घरात दोघांना एका सुरात बोलताना तिनं पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही काय, तर आकडे.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा झाली, नैवेद्य झाला, आणि आई म्हणाली, आता उचला. मी ऐरणीवरचे झेंडू दोन्ही हातांनी बाजूला केले. खाली हळदकुंकू वाहिलेली, राखेनं लख्ख घासलेली, पाच रुपयाच्या नाण्याएवढी लोखंडी झडप होती.

मी ती उचलून उजेडात धरली. स्क्रूची भोकं. सहावी.

"आई!"

"काय रं? सापडलं व्हय?" आई निरांजन उचलत म्हणाली. "हीच का ती? मला वाटलं कसलं झाकण हाय. लोखंड दिसलं, ठेवलं देवापुढं."

"झाकण? राखेनं घासून ठेवलंस की! इथं आम्ही इंजिनात चुंबक घालून मेलो, हेड उघडायला निघालो व्हतो, माझा जीव गेला असता, आणि तू—"

"वरडू नकोस सणादिवशी," ती म्हणाली. मग निरांजन खाली ठेवून तिनं माझ्याकडं आणि दादाकडं आळीपाळीनं बघितलं. "तुमचा बाप काय सांगून गेला? निघंल ते मोठ्यानं मोजा. मोजलं असतं तर मला एक तरी उचलता आली असती का? दोघं तोंड शिवून बसलासा म्हणून गेली. वर मलाच वरडतोय."

दादा खांबाला धरून हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

बुचं बसवली, मॅनिफोल्ड चढवला, सगळं मोजून, मोठ्यानं. पहिल्या चावीला इंजिन लागलं आणि खळखळ गेली होती. संध्याकाळी वेशीबाहेर जाऊन दोघांनी मिळून सोनं लुटलं, एकमेकांना आपट्याची पानं दिली, आणि दिवेलागणीला तो बेळगावला गेला. टॉवेल घेऊन गेला. पाने गुंडाळीतच राहिले.

त्यानंतर त्यानं एकही खंडेनवमी चुकवली नाही. पुढं बायकोपोरीला घेऊन यायला लागला. आईनं ती झडप परत दिलीच नाही. देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवायची आणि दरवर्षी पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहून, वरच्या मानानं.

आई गेल्यानंतरची पहिली खंडेनवमी आली तेव्हा पाट आम्ही दोघांनी मांडला. दादाचे केस पांढरे झाले होते, माझे तर गेलेच होते. डबीतून झडप काढून मी ऐरणीवर ठेवली आणि वर झेंडू वाहिले. आईचा हात नव्हता, म्हणून ढीग काही केल्या नीट बसेना.

"काय फसवलं रं म्हातारीनं आपल्याला," मी म्हणालो.

"तुला," दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"जेवून मी हात धुवायला टाकीवर गेलो व्हतो न्हवं का? तिथनं गॅरेज दिसतंय. परातीत हात घातला तिनं, एक काढली, पदराला पुसली."

माझ्या हातातलं फूल खाली पडलं. "आणि तिला कळलं? तू बघितल्यालं?"

"कळलं की. आमची नजरानजर झाली. ती काय बोलली न्हाई. मी पण बोललो न्हाई."

"आणि दुपारभर माझ्यासंगं बॅटरी धरून हुडकत बसलास?"

त्यानं खाली पडलेलं फूल उचललं, ढिगावर ठेवलं, आणि ढीग बरोबर बसला.

"मग काय करू?" तो म्हणाला. "मला तरी कुठं जायचं व्हतं?"